आभाळाचा ताप : एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

२२ नोव्हेंबर

वही आज उघडली, पण भांडण गेल्या जानेवारीतलं आहे. पेपरात किमान तापमान ५ अंशांच्या वर छापलं होतं आणि आमच्या द्राक्षबागेच्या बांधावरच्या गवतावर पांढरा बर्फ होता. अण्णा म्हणाले, "पाच अंशाला पाणी गोठत असेल तर शाळेत आम्हाला चुकीचं शिकवलं. नाहीतर तुमची मशिनं खोटं बोलतात." मी नाशिकच्या अंबडला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये, म्हणजे मोजायची उपकरणं बरोबर मोजतात का हे तपासणाऱ्या लॅबमध्ये, काम करते. मशिनं खोटं बोलतात हे माझ्यासमोर म्हणायचं म्हणजे सोनाराला तराजू शिकवायचा.

यंदा ठरवलं, शनिवार-रविवार निफाडला घरी आले की मोजायचं. पानाचं, गवताचं, हवेचं आणि आभाळाचंही.

पहिला प्रयोग हसण्यावारी गेला. कोरोनातली कपाळाला लावायची गन कपाटात होती, ती अंगणातून सरळ वर धरली. पडद्यावर 'लो' आलं. अण्णा ओसरीवरून म्हणाले, "काय गं, आभाळाला ताप आलाय का?" ती गन माणसापुरतीच आहे, साधारण ३२ ते ४२ अंश. आभाळाला ताप नाही, एवढंच कळलं.

२५ नोव्हेंबर

लॅबमधली एक जुनी औद्योगिक इन्फ्रारेड गन, म्हणजे वस्तूतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांवरून लांबूनच तापमान सांगणारी, साहेबांना विचारून हिवाळ्यापुरती आणली. पल्ला उणे ५० ते ५५०, ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरींचा पट्टा, एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती किरण बाहेर टाकतो ते माप) ०.९५ ला बांधलेली. खालच्या टोकाला ती किती खरी हे बघायला हवं होतं, कारण असल्या गनची तपासणी सगळे भट्टीच्या बाजूने करतात, थंडीच्या बाजूला कोणी फिरकत नाही.

बर्फाचा चुरा आणि पाणी: गन ०.७, आत बुडवलेला तापमापक प्रोब ०.१. चालेल. मग कुल्फीवाल्याची रीत. बर्फात खडेमीठ घालून त्यात पत्र्याचा डबा, डब्याला आतून काळा मॅट रंग. प्रोब उणे १४.८ म्हणत होता, गन उणे १३.२. म्हणजे थंड बाजूला दीड-एक अंश जास्त दाखवते. वहीत दुरुस्ती न करता कच्चे आकडे लिहिणार.

आईने मीठ किती गेलं ते विचारलं.

२९ नोव्हेंबर

रात्री ९:३०. वारा नाही, एकही ढग नाही. अंगणात हवा १७.४.

डोक्यावर सरळ: उणे ६.
अर्ध्यावर झुकवून: उणे १.
क्षितिजाच्या जरा वर, झाडं टाळून: १४.

हे बघून भाचा उड्या मारायला लागला. आठवीत आहे. "आत्या, वर अवकाश आहे ना? मग उणे दोनशे सत्तर का नाही दाखवत?" प्रश्न बरोबर आहे. मग त्याने गन चंद्रावर धरली, आकडा हलला नाही. ही गन बारा मीटरवर एक मीटरचं वर्तुळ बघते, म्हणजे जवळपास पाच अंशांचा कोन. चंद्र अर्ध्या अंशाचा. त्या वर्तुळात चंद्र म्हणजे परातीत पडलेला एखादा शेंगदाणा.

क्षितिजाकडे गरम का, हे मात्र त्यानेच सांगितलं: तिरकं बघितलं की जास्त हवेतून बघतो. गन जे मोजते ते हवेतल्या वाफेचं आणि तिच्या फटींतून दिसणाऱ्या बाहेरच्या थंडीचं मिश्रण असतं. सरळ वर वाफेचा थर सगळ्यांत पातळ, म्हणून तिथे बाहेरचं जास्त दिसतं. अमेरिकेत टेक्सासमध्ये फॉरेस्ट मिम्स यांनी असल्याच स्वस्त गनने वर्षानुवर्षं आभाळ मोजून त्यावरून वातावरणातली एकूण वाफ काढून दाखवली आहे. आपण नवीन काही करत नाही, हे बरंच आहे. चूक लवकर सापडेल.

४ डिसेंबर

आठवड्याचा मधला दिवस, नाशिकच्या खोलीवर. मोजण्यासारखं काही नाही, म्हणून भाच्याचा प्रश्न कागदावर घेतला: वातावरणाच्या बाहेर किती थंड?

बाहेरच्या पोकळीला स्वतःचं असं तापमान जवळजवळ नसतं, तापायला तिथे काही नाहीच. तिथे ठेवलेल्या वस्तूला तापमान असतं, आणि ते ती वस्तू कशाकडे तोंड करून आहे यावर ठरतं. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याची उष्णता चौरस मीटरला १३६१ वॅट. तिथे एक काळा गोळा फिरत ठेवला तर त्याच्या पूर्ण पृष्ठभागावर सरासरी चौथाई, म्हणजे ३४० वॅट. तितकंच बाहेर टाकायला त्याला ५ अंश सेल्सिअस व्हावं लागतं. उणे दोनशे सत्तर वगैरे काही नाही, निफाडची जानेवारीतली पहाट! तोच गोळा सूर्याच्या आड कायमचा ठेवला, तर मात्र उतरत उतरत उणे २७० पर्यंत जाईल.

पृथ्वी काळी नाही. ढग, बर्फ, वाळवंट मिळून ३० टक्के ऊन परत फेकतात. उरलेल्या २४० वॅटवर हिशेब केला की उणे १८ येतं. प्रत्यक्षात जमिनीलगतची सरासरी अधिक १५ च्या आसपास. मधले ३३ अंश हवेने धरून ठेवलेले आहेत, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा साध्या पाण्याच्या वाफेचा.

चंद्र सूर्यापासून तितकाच लांब आहे आणि त्याच्याकडे ही गोधडी नाही. विषुववृत्तावर दुपारी १२० च्या वर, रात्री उणे १३० च्याही खाली. चांद्रयान-३ च्या विक्रमवरचा चास्टे हा प्रोब ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत खुपसला, तर वर पन्नासच्या पुढे आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे १०. बोटभर मातीत उन्हाळा आणि कुल्फी. तो आलेख पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आधी प्रोब सैल बसल्याचा संशय आला होता. धंद्याची सवय.

पूर्वी लोकांना बाहेरच्या थंडीचा आकडा लावता येत नव्हता. जोसेफ फूरिए यांनी १८२४ मध्ये पृथ्वीच्या उष्णतेचा जमाखर्च मांडला, पण ग्रहांमधली पोकळी ध्रुवावरच्या हिवाळ्यापेक्षा थोडीच थंड असेल असं धरलं. क्लोद पुइये यांनी १८३८ मध्ये उणे १४२ काढलं. खरा आकडा आला तो अपघाताने. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन यांच्या शिंगासारख्या अँटेनात एक खरखर येत होती, कुठेही वळवा तेवढीच. त्यांनी आधी स्वतःच्या उपकरणावर संशय घेतला, सांधे तपासले, आत घरटं केलेल्या कबुतरांची घाणसुद्धा साफ केली. खरखर गेली नाही. ती विश्वाची उरलेली ऊब होती. आजचा आकडा २.७ केल्विन, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे २७०. कॅलिब्रेशनवाल्या माणसाने हा किस्सा देव्हाऱ्यात ठेवावा.

७ डिसेंबर

रात्रभर जागून गन कोण धरणार? म्हणून एमएलएक्स ९०६१४ हा छोटा इन्फ्रारेड सेन्सर, ईएसपी३२ ही आकडे टिपणारी चिप आणि मेमरी कार्ड असा डबा केला. हवा, पान, गवत यांना डीएस१८बी२० जातीचे चार तापमान प्रोब.

सेन्सर वर रोखला तर उणे १, त्याच वेळी गन उणे ११. घोळ कळायला तासभर गेला. हा साधा सेन्सर ९० अंशांचं सगळं बघतो: घराची भिंत, चिंचेचं झाड, क्षितिज. नजर अरुंद करायला त्याच्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवला. आता आला ८! अर्थात. पाइप स्वतः हवेइतका कोमट आहे आणि सेन्सर आता पाइपच बघतोय.

पाइप काढला. पुठ्ठ्याचं नरसाळं, आतून पोळीवाला ॲल्युमिनियम फॉइल, चकचकीत बाजू आत. फॉइल स्वतः जवळजवळ काही टाकत नाही, फक्त आरसा होतो आणि कडेनेही आभाळच दाखवतो. उणे ८. गनपेक्षा तीन अंशांनी जास्त, पण फरक रात्रभर सारखा राहिला तर मला चालतो.

८ डिसेंबर

लाइट नव्हती. बॅटरी चार्ज झाली नाही. नोंद नाही.

१३ डिसेंबर

गेल्या शनिवारच्या रात्रीचा आलेख: पहाटे चारपर्यंत सुरेख, मग सेन्सर एकदम उणे ८ वरून ११ वर. ढग नव्हते. दव पडलं होतं, सेन्सरच्या डोळ्यावरच. तो दवाचं तापमान सांगत होता.

झाकण हवं, पण कशाचं? आईच्या स्वयंपाकघरात चाचणी. तवा तापवून गनने बघितला: १८६. मध्ये खिडकीची काच धरली: ३१, म्हणजे काचेचंच तापमान. इन्फ्रारेडच्या या पट्ट्याला काच म्हणजे भिंत. मग किराणा दुकानातली पातळ पॉलिथिनची पिशवी, तव्यापासून हातभर लांब: १५९. डोळ्यांना पिशवी धुरकट दिसते आणि काच स्वच्छ, गनला उलट. पिशवीचा एक पदर फॉइलच्या नरसाळ्यावर ताणून रबर लावलं. आईची भाकरी तोवर करपली, ती नोंदही इथे राहू दे.

२० डिसेंबर

आभाळ आलंय. आपल्याकडे 'आभाळ आलं' म्हणजे ढग आले. निरभ्र असलं की आभाळ नाही. मोजायला लागल्यापासून मला ही बोली फार अचूक वाटायला लागली आहे. ढग आले की गनला खरोखर एक वस्तू दिसते, नसले की नसणंच दिसतं.

रात्री दहा: हवा १६.८, डोक्यावर अधिक ९. पहाटे सहा: हवा १५.१, डोक्यावर ८. रात्रभरात हवा जेमतेम पावणेदोन अंश उतरली. गेल्या निरभ्र रात्री ती साडेनऊ अंश उतरली होती.

अण्णांना बरं वाटलं नाही, ढगाळ हवेत द्राक्षावर भुरी हा बुरशीचा रोग येतो. "आभाळ गेलं तर थंडी, आभाळ आलं तर भुरी. आम्ही कुठं जायचं?" सकाळी फवारणी.

२८ डिसेंबर

ही खरी रात्र. पाच दिवस उत्तरेकडून कोरडं वारं होतं, काल संध्याकाळी पडलं. पहाटे ५:४० चे आकडे:

डोक्यावर आभाळ (गन): उणे २४
हवा, सव्वा मीटरवर, छत्रीत: ४.६
वेलीच्या शेंड्याचं पान: १.२
मांडवाच्या आतलं पान: ३.९
बांधावरचं वाळकं गवत: उणे १.१
कडुनिंबाखालचं गवत: ३.८

बांधावर पांढरं होतं, कडुनिंबाखाली नव्हतं. त्याच बांधाचं, त्याच जातीचं गवत, अंतर पंधरा पावलं.

अण्णांना अंधारात उठवून नेलं. टॉर्च मारून ते कडुनिंबाच्या कडेकडेने चालले. पांढरं जिथे संपतं ती रेघ झाडाच्या घेराबरोबर वळत होती. मग मी छत्री दाखवली, पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक रचून केलेली, आत प्रोब. हवामान खात्याची पेटीही याच तत्त्वाची असते, पांढरी, झडपांची, वर दुहेरी छप्पर, जमिनीपासून सव्वा मीटरवर. हवेचं तापमान मोजायचं तर थर्मामीटरला ना ऊन दिसलं पाहिजे, ना उघडं आभाळ. पेपरातला आकडा खराच आहे. फक्त तो छपराखाली झोपलेल्याचा आहे आणि गवत बाहेर झोपलंय.

हिशेब असा बसतो. शून्याच्या आसपासचं गवत चौरस मीटरमागे तीनशेच्या वर वॅट वर टाकतं. कोरडं आभाळ त्यातले सव्वादोनशे-अडीचशे परत देतं. (गनचा उणे २४ सरळ सूत्रात घालायचा मोह टाळला. ती फक्त वाफेच्या फटीतूनच बघते, बाकीच्या पट्ट्यांत आभाळ बरंच कोमट असतं.) उरलेली सत्तर-ऐंशी वॅटची गळती रात्रभर. हवा कडेने थोडी भरून देते, जमीन खालून देते. वाळक्या गवताला जमिनीचा आधार नाही, म्हणून ते सगळ्यांत आधी गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या येतात तेव्हाही पारा शून्याच्या बराच वर असतो, तो हाच प्रकार. दव आणि उघडं आभाळ यांचं हे नातं लंडनच्या एका डॉक्टरने, विल्यम वेल्स यांनी, लोकरीचे पुंजके बागेत रात्रभर ठेवून आणि वजन करून १८१४ मध्येच सिद्ध केलं होतं. माझ्याकडे चार प्रोब आहेत, त्यांच्याकडे तराजू होता.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दोघंही खरं." आणि मोटर सुरू करायला गेले. विहिरीचं पाणी २४ अंश आहे, त्याचं विज्ञान त्यांना माझ्या आधीपासून माहीत आहे.

३ जानेवारी

आज हरले, तेही लिहायला हवं.

पहाटे चारला अण्णांनी बांधावर शेकोट्या लावल्या. त्यांचं म्हणणं, धूर बागेवर गोधडीसारखा पसरतो. मी म्हटलं, धूर या पट्ट्याला जवळजवळ पारदर्शक असतो, गोधडी व्हायला वाफ किंवा ढग लागतो. मोजलं. धुराबाहेर आभाळ उणे २२, दाट धुरातून उणे २०. मी जिंकले असं वाटलं.

पण शेकोटीपासून तीन मीटरवरचंच नव्हे, दहा मीटरवरचं पानही दीड अंशाने वर गेलं होतं. एवढी उष्णता चार शेकोट्यांतून यायला नको. "टाकीवर चढून बघ," अण्णा म्हणाले. पाण्याच्या टाकीवर, साधारण दहा मीटरवर, हवा ७.९. खाली छत्रीत ४.८. अशा रात्री जमीन वरच्या हवेपेक्षा आधी निवते आणि थंड हवा खाली साचते, ऊब वर तरंगत राहते. शेकोटी हवेला ढवळते आणि वरची ऊब खाली ओढते. मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ निघून जाते, म्हणून लहान लहान आणि अनेक. हे अण्णा दरवर्षी करतात. कारण चुकीचं सांगतात, काम बरोबर करतात. टाकीवर कायमचा एक प्रोब लावला.

५ ते ११ जानेवारी

रजा टाकली. एकच काम: अंगणात बर्फ करणे.

फ्रीज येण्याआधी गंगेच्या मैदानात रात्री उघड्यावर बर्फ करायचे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये अलाहाबाद आणि कलकत्त्याकडची ही रीत लिहून ठेवली आहे: उथळ खड्डे, त्यात उसाची चिपाडं किंवा मक्याची वाळकी ताटं, वर बिनझिलईची उथळ मातीची भांडी, त्यात उकळून गार केलेलं पाणी, संध्याकाळी भरायचं. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही सकाळी बर्फ. त्या कारागिरांची नावं कुठेच नाहीत, साहेबाचं आहे.

कुंभाराकडून सहा परळ आणले. चिपाडं रसवंतीवरून फुकट, मुंग्यांसकट.

५ तारीख: वारा. पाणी ६.३. वारा आभाळाने नेलेली ऊब लगेच भरून देतो.

७ तारीख: तीन वाजेपर्यंत पाणी २.२ पर्यंत उतरलं, मग पातळ ढग आले आणि तासाभरात ४. ढग डोळ्यांना दिसतही नव्हते, आलेखात मात्र जिना.

८ तारीख: मांजर पाणी प्यायलं.

१० ची पहाट, ५:१५. छत्रीत ३.९, वारा शून्य, आभाळ उणे २३. चिपाडांवरच्या चारपैकी तीन परळांत कडेने बर्फ, एकात पूर्ण पापुद्रा. ओट्यावर ठेवलेल्या परळात ५.१, पाणीच. पडवीच्या पत्र्याखालच्या परळात चिपाडं असूनही ४.८. आईने बोटाने पापुद्रा उचलून बघितला आणि म्हणाली, "साय धरलीय." जाडी दोन मिलिमीटर. भाचा झोपला होता, त्याच्यासाठी तुकडा फ्रीजरमध्ये ठेवला. तो उठून म्हणाला, हा तर फ्रीजरमधला बर्फ आहे. पुरावा असा जपू नये.

१ फेब्रुवारी

दोन महिन्यांचे सेन्सरचे आकडे मांडले. ज्या रात्री आभाळ उणे १५ च्या खाली, त्या रात्री हवा सरासरी १० अंश उतरली, ज्या रात्री शून्याच्या वर, त्या रात्री साडेतीन. रात्री मोजक्याच आहेत, वारा वेगळा काढलेला नाही, म्हणून यावर सूत्र काढणार नाही.

लॅबमधल्या एका सहकाऱ्याने विचारलं, यात कार्बन डायऑक्साइडची वाढ दिसते का. दिसत नाही, आणि दिसायलाही नको. त्याचा मुख्य पट्टा १५ मायक्रॉनचा, गनच्या गाळणीच्या बाहेर. तिला तो दिसला असता तर ती जवळचीच हवा मोजत बसली असती. हवाई बेटांतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये हा वायू दहा लाखांत ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. १५ च्या आसपासची ती भिंत कडांनी हळूहळू रुंद होतेय, पण ते मोजायला उपग्रह किंवा वर्णपटमापक लागतो. द्राक्षाच्या मांडवातून तेवढं दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

काढणी सुरू, घरात क्रेट. पॉलिथिन उन्हाने चिरलं होतं, नवीन लावलं. दुपारी सहज गन वर धरली: उणे ९, हवा ३१. भर उन्हातसुद्धा वर बर्फाइतकं थंड आहे, हे माहीत असूनही पटायला वेळ लागतो.

बाकी कामं: गन लॅबला परत. उरलेले परळ आईने कुंड्यांखाली घेतले. सेन्सर पावसाळ्यापर्यंत तसाच, जूनमध्ये पहिलं आभाळ येईल त्या दिवसाचा आलेख हवा आहे.

यादीखाली अण्णांच्या अक्षरात एक ओळ आहे, कधी लिहिली कळलं नाही: टाकीवरचं यंत्र काढू नये.